उलट्या बाजूने झिजलेले दात

३ सप्टेंबर

चि. भाऊजी, वहिनीचा आशीर्वाद.

पार्सल काल मिळालं. आत निघालं ते असं: डिस्ट्रिब्यूटरचा गिअर एक नग, ८५. थ्रस्ट प्लेट एक, ४०. पातळ शिमा पाच. त्यांची किंमत तुम्ही लिहिली नाहीत, मी १० धरली. टपाल १४. एकूण १४९ ची मनीऑर्डर आजच केली. दिराकडून फुकट घेतलेलं मला पचत नाही, तेव्हा ती परत पाठवू नका.

हे सामान तुमच्याकडून आलंय हे ह्यांना सांगितलेलं नाही. धक्क्यावरच्या फिटरमार्फत दुकानातून मागवलं असं मीच म्हणाले. खोटं बोलले, देव माफ करो. पण तुमचं नाव काढलं असतं तर तुमच्या दादांनी गिअर तसाच तलावात फेकला असता. मामंजी गेले त्याला अकरा वर्षं झाली. 'त्याने बसवलेल्या गिअरने बाबांचा जीव घेतला' हे वाक्य अजून तसंच आहे, शब्दही बदललेला नाही.

आता अडचण सांगते. लाँचचं इंजिन भर पाण्यात बंद पडतं. जूनपासून दोनदा झालं. एकदा पलीकडच्या शाळेच्या पाच मास्तरणी आत होत्या, वारा सुटला होता, आणि हे तासभर वल्ह्याने झुंजत होते. दरवेळी उघडून बघावं तर हाच गिअर खाल्लेला. फिटर मला समजेल असं म्हणाला, की डिस्ट्रिब्यूटर म्हणजे चार घरांना वेळेवर ठिणगी पोचवणारा पोस्टमन, आणि हा गिअर म्हणजे त्याच्या सायकलची साखळी. साखळी झिजली की पत्र पोचतं, पण वेळ टळून गेल्यावर. ह्या फिटरला सगळे 'सावकाश' म्हणतात. कामही तसंच, पण हात स्वच्छ.

गिअर वर्षानुवर्षं चालतो म्हणे. आमचे दोन गिअर तीन महिन्यांत गेले. झिजलेला दुसरा फडक्यात बांधून पाठवतेय. बघा आणि कारण कळवा. ते रोज त्या पाण्यावर जातात आणि मी परत यायची वाट बघत चुलीपुढे बसते, एवढंच लक्षात ठेवा.

तुमची वहिनी

*

१० सप्टेंबर

ती. वहिनींना नमस्कार.

मनीऑर्डर मिळाली. तुमच्याशी हिशेबात कोण जिंकणार? घेतली.

गिअर मशीनच्या दिव्याखाली धरून पाहिला. तुम्हाला समजेल असं लिहितो. इंजिनाच्या पोटात कॅमशाफ्ट नावाचा लांब दांडा फिरतो. त्याच्या अंगावरच्या तिरप्या दात्यांवर हा गिअर फिरतो. हा दांडा फिरतो तसा थोडा पुढे-मागेही सरकतो. त्या सरकण्याला एंड प्ले म्हणतात. ते चार ते सात थाऊ हवं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तुमच्या केसाहूनही बारीक. त्याहून वाढलं की दांडा हेलकावे खातो, गिअरचे दात रोज नव्या जागी घासतात आणि ठिणगीची वेळ भटकते. ते सरकणं रोखायला थ्रस्ट प्लेट, आणि तिला नेमकं बसवायला शिमा, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या. सावकाशला म्हणावं, एंड प्ले फीलर गेजने, म्हणजे पातळ पात्यांच्या मापाने, मोजून लिहून दे, अंदाजाने नको. गिअर कुठल्या धातूचा हेही जुळावं लागतं, ते मी बघून पाठवलंय. त्या बाबतीत माझी चूक पूर्वीही झाली नव्हती, पण ते असू दे.

दोन गोष्टी विचारतो. दादा पाण्याच्या मध्ये इंजिन बंद करतो का? आणि बंद करताना गिअरचा दांडा, म्हणजे चालवताना पुढे-मागे करायचा हातदांडा, न्यूट्रलला (मोकळा) आणतो, की तसाच ठेवतो?

त्याला विचारू नका. बघून सांगा.

तुमचा धाकटा दीर

*

२४ सप्टेंबर

चि. भाऊजींना आशीर्वाद.

सावकाशने प्लेट आणि दोन शिमा घालून मोजलं तेव्हा पाच थाऊ भरलं. मी समोर उभी राहून वहीत लिहिलं. तो म्हणाला, "वहिनी, आता हे इंजिन तुमच्या नातवंडांना पुरेल." आम्हाला मूलच नाही हे आठवून बिचारा नंतर पाना शोधत बसला.

ही ६ तारखेची गोष्ट, तुमचं पत्र यायच्या आधीची. काल, म्हणजे सतरा दिवसांनी, इंजिन पुन्हा अडखळलं. गिअर काढला तर दात चाकूसारखे. एंड प्ले अकरा. तेलात सोनेरी भुकटी, वाटीत घेतली तर उन्हात चमकते. सावकाशने दात बोटाने चाचपले. शेवटी म्हणाला, "हे सतरा दिवसांचं काम नाही. हे वर्षाचं काम आहे."

पण लाँच जास्त फिरलीच नाही. माझ्याकडे पेट्रोलचा हिशेब आहे. रोजच्या सहा फेऱ्या, तेवढंच पेट्रोल. मग गिअर कशावर झिजला?

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. दुपारी बाराची फेरी उतारू सोडून रिकामी परत येते. पाऊण तास लागायला हवा, लागतात दोन. मला वाटलं, पलीकडच्या काठावर कोणी आहे की काय. हसू नका, लग्नाला सोळा वर्षं झालेल्या बाईला हेच आधी सुचतं. एक दिवस धक्क्यावर जाऊन उभी राहिले. लाँच तलावाच्या मधोमध दिसत होती. आवाज नव्हता. उन्हात नुसती उभी. म्हणजे मला आधी उभी वाटली. मग पलीकडच्या टेकडीवरच्या एकट्या झाडाशी नजर लावून बघितलं, तर ती सरकत होती. नाळ, म्हणजे पुढचं टोक, आमच्याकडे आणि चाल पलीकडे. पानही हलत नव्हतं, आणि आमच्या तलावाला ओढ नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं?

घरी आल्यावर जेवताना म्हटलं, "आज उशीर झाला." तर म्हणाले, "झाला का? मला तर वाटलं आज लवकर सोडलं."

'सोडलं' म्हणजे कोणी, हे मी विचारलं नाही. तुम्ही ते प्रश्न का विचारले होते, ते मात्र विचारते. गिअर सोबत पाठवतेय, सावकाशने तूर्त बाजारातला दुसरा बसवलाय.

वहिनी

*

२९ सप्टेंबर

ती. वहिनी, नमस्कार.

पहिला गिअर पाहिला तेव्हाच लिहायला हवं होतं. धीर झाला नाही. आता दुसराही तसाच आहे.

गिअरच्या प्रत्येक दाताला दोन अंगं असतात. इंजिन एकाच दिशेने फिरतं, म्हणून भार एकाच अंगावर येतो आणि तेच झिजतं. दुसरं अंग वीस वर्षांनीही नव्यासारखं चकचकीत राहतं. तुमच्या गिअरचं झिजणारं अंग नवं आहे. झिजलंय ते दुसरं.

म्हणजे इंजिन उलटं फिरलंय. रोज, तास-तासभर.

पेट्रोलवर ते उलटं फिरूच शकत नाही, म्हणूनच तुमच्या वहीत काही दिसत नाही. एकच रस्ता आहे. इंजिन बंद, गिअर लागलेला, आणि लाँच मागच्या बाजूने कोणीतरी इतक्या जोराने ओढतंय की पाण्याने लाँचच्या तळाचा पंखा फिरावा आणि पंख्याने इंजिन. उलट्या फिरण्यात तेलाचा पंप तेल चढवत नाही, सगळं कोरडं घासतं. दांडा एरवी ज्या अंगाला टेकून असतो ते सोडून दुसऱ्या अंगाला धडका देतो. सतरा दिवसांत वर्षाची झीज होते ती अशी.

मी छत्तीस वर्षांचा माणूस आहे, दिवसभर लोखंड कापतो. कोण ओढतं हे मला विचारू नका.

दादाला एवढंच करायला लावा: इंजिन बंद करायचंच असेल तर आधी गिअर न्यूट्रलला आणायचा. मग पंखा कितीही फिरो, इंजिनाला हात लागणार नाही.

दीर

*

६ ऑक्टोबर

चि. भाऊजी,

तुमचं पत्र देवापुढे ठेवलं, नमस्कार केला आणि काल बाराच्या फेरीला ह्यांचा डबा घेऊन मीच लाँचवर चढले. म्हणाले, "आज काय विशेष?" म्हटलं, "वारा खायला." म्हणाले, "वारा फुकट असतो म्हणून सुचलं असेल." चांगल्या मूडमध्ये होते.

उतारू पलीकडे उतरले. परत निघालो ते आम्ही दोघंच. बरोबर मधोमध आल्यावर त्यांनी किल्ली फिरवली. गिअरचा दांडा तसाच ठेवला. मला म्हणाले, "आता जरा गप्प बस." आणि मागे तोंड करून बसले, मांडीवर हात ठेवून, जसे मामंजी ओसरीवर बसायचे.

आधी काहीच नाही. मग पाण्याची रेघ नाळेकडून पुढे जायला लागली. लाँच मागे निघाली होती. माझ्या पायाखाली पंखा फिरला, आणि मग ते इंजिन, भाऊजी, आगीशिवाय फिरायला लागलं. धूर नाही, धडधड नाही. झोपलेल्या माणसासारखा श्वास. आत घेतलेला, सोडलेला. आणि पुढच्या झाकणाआडून टक, टक, टक. इंजिनाच्या पोटातला दांडा धडकत होता. तुम्ही लिहिलं नसतं तर मला वाटलं असतं की आतून कोणीतरी दार ठोठावतंय. तुम्ही लिहिल्यावरही तेच वाटलं.

मी देवाचं नाव घ्यायला लागले. शब्द सगळे आठवत होते, पण उलट्या क्रमाने तोंडात येत होते. हे मी कोणाला सांगणार नाही, तुम्हाला सांगते.

त्यांना विचारलं, "कुठे चाललोय आपण?"

"घरी."

"घर तर समोर आहे. आपली कौलं दिसतायत."

"ते तुझं," म्हणाले. रागाने नाही, समजूत घातल्यासारखं. मग म्हणाले, "बाबा एकटे ओढतात. रोज थोडं जास्त जमतं त्यांना. वय झालंय."

मी उठले आणि तुमच्या सांगण्याप्रमाणे दांडा न्यूट्रलला ओढला. श्वास थांबला, टकटक थांबली. लाँच थांबली नाही. उलट मोकळी झाल्यासारखी भरकन मागे निघाली. आतापर्यंत ते इंजिनच तिला अडवून धरत होतं. मी ओरडले. तेव्हा त्यांना जाग आल्यासारखं झालं, माझ्याकडे बघितलं आणि स्टार्टर मारला. इंजिन पेटलं. त्या क्षणी आम्हाला सोडलं. मुठीतून दोर सुटावा तसा झटका बसला, डबा घरंगळला.

वाटेत म्हणाले, "घाबरलीस? मी रोज शेवटी चालू करतोच की."

रोज करतात. ज्या दिवशी करणार नाहीत त्या दिवशी काय करू ते सांगा.

वहिनी

*

११ ऑक्टोबर

ती. वहिनी,

अकरा वर्षं जे कोणाला सांगितलं नाही ते लिहितो.

बाबांची लाँच मीच शोधून काढली हे तुम्हाला माहीत आहे. नवव्या दिवशी. बाबा नव्हते, लाँच रिकामी होती. मी इंजिनावर हात ठेवला. ते कोमट होतं. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता, ते पहिल्याच दिवशी संपलेलं असणार, आणि नवव्या दिवशी लोखंड माणसाच्या अंगाइतकं कोमट. मी तिथेच डिस्ट्रिब्यूटर काढून गिअर खिशात घातला. तो माझ्याजवळ आहे. त्याचेही दात उलट्या बाजूने झिजलेत. मी बसवलेला गिअर बरोबर होता. पण हे दाखवून दादाला काय सांगणार होतो? की तुझ्या बापाला गिअरने नाही नेलं, जे नेतं त्याचं नाव मला येत नाही? त्यापेक्षा त्याने मला दोषी धरलेलं बरं वाटलं. म्हणून घर सोडलं.

आता माझं ऐका. डिस्ट्रिब्यूटरची काळी टोपी दोन क्लिपांनी बसते. ती काढली की आत बोटाएवढा रोटर दिसेल. तो हाताने वर निघतो. तो काढून टोपी परत लावा आणि रोटर घरात लपवा. रोटरशिवाय ठिणगी कुठेच पोचत नाही, इंजिन सात जन्मांत सुरू होणार नाही. लाँच धक्क्यालाच राहील. कारण सापडलं तरी नवा रोटर मिळायला दादाला आठवडा लागेल. वीस तारखेला मी येतो, गिअर घेऊन. मारायचं तर मारू दे, पण ऐकून घेऊ दे.

पत्र मिळाल्या दिवशीच करा.

दीर

*

१८ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचं पत्र १३ ला दुपारी आलं. सहाची शेवटची फेरी करून हे अंघोळीला गेले तेवढ्यात मी धक्क्यावर जाऊन रोटर काढला. सांगितलंत तसाच निघाला. रुमालात गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवला. मला बरं वाटलं होतं. जेवताना त्यांना मी दोनदा वाढलं.

१४ ला सकाळी पलीकडचे उतारू आणायला ते नेहमीसारखे रिकामी लाँच घेऊन निघाले. मी मुद्दाम घरातच थांबले, की आता हात हलवत परत येतील आणि इंजिनाला शिव्या देतील.

पुढचं सावकाशने सांगितलं, तो धक्क्यावर पाने पुसत बसला होता. ह्यांनी दोर सोडला. नाळ धक्क्याकडेच ठेवून बांबूने धक्क्याला रेटा दिला. लाँच चाळीस-पन्नास हात आत जाऊ दिली आणि मग स्टार्टर मारला.

आपल्या घरात असंच करतात, भाऊजी. मामंजींनी लावलेली शिस्त. आधी दोर, मग बांबू, मग इंजिन. रोजचं वाटीभर पेट्रोल वाचतं. वर्षाचं किती वाचतं ते मी काढून ठेवलंय आणि बायकांना कौतुकाने सांगत आले आहे. तुम्ही लहानपणापासून तो बांबू हातात धरलात. दोघांपैकी एकालाही आठवलं नाही. इंजिन सुरू नाही झालं तर लाँच धक्क्याला राहील, असं तुम्ही लिहिलंत आणि मी वाचलं.

स्टार्टर चार वेळा मारला. फिरला, पेटलं नाही. सावकाश म्हणतो, त्यांनी बांबू पाण्यात घातला, तळ लागला नाही. मग लाँच मागे निघाली. हा ओरडला, "दादा, दोर फेकू का?" तोवर अंतर दुप्पट झालं होतं. त्यांनी वाकून टोपी काढली. आत बघितलं. मग सरळ उभे राहिले आणि घराकडे बघत राहिले. सावकाशला वाटलं ते रागावलेत. मला माहीत आहे ते काय बघत होते. रोटर आपोआप पडत नाही, कोणीतरी काढावा लागतो. आणि घरात मी एकटीच आहे.

त्यांचं शेवटचं इंजिन चालू करणं मी काढून घेतलं. रोज शेवटी चालू करतोच की, असं ते मला म्हणाले होते.

पाच दिवस होड्या फिरतायत. तुम्ही मामंजींची लाँच जुन्या बांधाखालच्या लव्हाळ्यात सापडली म्हणून सांगितलं होतंत, म्हणून सगळे आधी तिकडेच गेले. काल मीही गेले. तिथे पाणी गुडघाभर आहे. सावकाश म्हणाला, "इथे म्हैस बसली तरी पाठ कोरडी राहील, लाँच कुठून आत शिरणार?" आणि गावातले म्हातारे म्हणतात तिथे पाणी कधीच जास्त नव्हतं. तुमच्या मागच्या पत्रात सगळं आहे, कोमट इंजिन आहे, खिशातला गिअर आहे, पण जागा नाही. मी तीनदा वाचून बघितलं.

वीस तारखेला येऊ नका. तिकीट काढलं असेल तर परत करा. एक भाऊ पाण्यावर असताना दुसरा मी जाऊ देणार नाही, तुम्हालाही आता कोणीतरी हाक मारेल अशी मला भीती आहे. हाक मला येत नाही. मी सून आहे, बाहेरून आलेली. म्हणून मीच जाणार. सावकाश होडी देतोय. तो स्वतः येणार नाही म्हणाला, आणि मी त्याला दोष देत नाही.

मामंजींची लाँच नवव्या दिवशी सापडली आणि इंजिन कोमट होतं. म्हणजे नवव्या दिवसापर्यंत ते फिरत होतं. आज पाचवा आहे. रोटर पदराला बांधलाय. तो बसवायला बोटाएवढी जागा आणि क्षणभर वेळ लागतो, हे मी करून बघितलंय.

खरी जागा कळवा. तार नको, तारेत रेघा काढता येत नाहीत. एका कागदावर तलाव काढा, धक्का काढा, आणि जिथे तुम्ही इंजिनावर हात ठेवलात तिथे फुली मारा. तलावात अशी जागा नसेल, तर जिथे असेल तिथे मारा, मी विचारणार नाही. हे पत्र उद्या दुपारी तुमच्या हाती पडेल. मशीन बंद करा, हात पुसा, आणि उलट टपाली पाठवा.

वहिनी